३ फुटी प्लांटेड टँक: कॅनिस्टर की हँग-ऑन, आणि सीओटूचं कसं करायचं?

केळीचा_पट्टा (जळगाव):
नमस्कार मंडळी. घरी माशांची ३ फुटी टँक आहे, ९० × ४५ × ४५ सेंमी. सध्या त्यात गप्पी आणि मोली, खाली साधी वाळू, झाडं म्हणाल तर व्हॅलिसनेरिया आणि थोडा जावा फर्न, एवढंच. आता सगळं काढून नीट प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पतींनी भरलेली टँक करायचीय. पुढे मोन्टे कार्लो या बारीक पानांच्या पसरणाऱ्या झाडाचं कार्पेट, मधे दगड, मागे लाल रोटालाची झाडं, आणि सगळं बसलं की कार्डिनल टेट्रा माशांचा थवा, असं डोक्यात आहे. अशा टँक सजवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जपानच्या ताकाशी अमानोंच्या टँकचे फोटो पाहिल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये.

आता अडचणी. दुकानदार म्हणतो दोन हँग-ऑन फिल्टर (काठावर अडकवायचे) लाव काम होतं, नेटवर सगळे म्हणतात कॅनिस्टरशिवाय (टँकखाली ठेवायचा, पाइपने जोडलेला बंद डब्याचा फिल्टर) प्लांटेड टँक होतच नाही. सीओटूचं, म्हणजे झाडांना द्यायच्या कार्बन डायऑक्साइड गॅसचं, तर अजून अवघड, कोणी म्हणतं यीस्ट-साखर, कोणी लिंबूसत्व आणि खायचा सोडा, कोणी म्हणतं थेट सिलेंडर घे. आई सिलेंडर म्हटलं की नाहीच म्हणते, घरात एक गॅस सिलेंडर आहे तेवढा पुरे म्हणते. वरून आमच्याकडे लाईट जाते, मेंटेनन्सच्या दिवशी तर चार-पाच तास सलग. उन्हाळ्यात बाहेर ४४-४५, टँकचं पाणी ३२ च्या वर जातं. पाणी बोअरचं आहे. टँक, स्टँड आणि चांगली एलईडी लाईट आहे, बाकी सगळ्याला मिळून १५ हजारापर्यंत जाऊ शकतो. कुठे खर्च करू आणि कुठे नको ते सांगा.

पाणवेल (पुणे):
दादा आधी एक ठरवा, मग बाकीचं आपोआप ठरतं. कार्पेट आणि लाल रोटाला पाहिजेच असेल तर सीओटू लागणार, त्यात पळवाट नाही. नुसत्या हवेतून पाण्यात जेमतेम अर्धा पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) सीओटू विरघळतो, मासे आणि बॅक्टेरियाच्या श्वासामुळे साध्या टँकमध्ये फार तर २-३ होतो, आणि आपल्याला हवाय साधारण ३० पीपीएम. म्हणजे दहापट. मोन्टे कार्लो कमी गॅसवर मरत नाही पण महिनोन्महिने तसाच बसून राहतो आणि चांगली लाईट वरून पडत असेल तर तेवढ्यात शेवाळ त्याच्यावर चढतं.

आता फिल्टर. प्लांटेड टँकमध्ये फिल्टरचं मुख्य काम पाणी फिरवणं आहे, घाण गाळणं दुसरं, हे बरेच जण लक्षातच घेत नाहीत. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया झाडं स्वतः खातात, दाट झाडांच्या टँकमध्ये बायो मीडियावर (फिल्टरमधल्या बॅक्टेरिया वाढायच्या रिंग वगैरेवर) फारसा ताण येत नाही. पण सीओटू आणि खत टँकच्या त्या टोकाच्या कार्पेटपर्यंत, दगडाच्या मागे, झुडपाच्या आतपर्यंत कोण नेणार, तर फिल्टरचा प्रवाह. माझ्या बघण्यात जितक्या टँक आल्या जिथे "गॅस भरपूर देतोय तरी काळं केसाळ शेवाळ येतंय" अशी तक्रार होती त्यातल्या बहुतेक ठिकाणी गॅस पुरेसा होता, तो एका कोपऱ्यातच फिरत होता. एका टँकमध्ये तर डिफ्युझरच्या (गॅसचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या तुकड्याच्या) बाजूची झाडं एकदम तजेलदार आणि दीड हातावर दुसऱ्या कोपऱ्यातल्या रोटालाची खालची पानं झडलेली, दांडा उघडा. फिल्टरचा आउटलेट फिरवून पुढच्या काचेला समांतर केला, नवी वाढ सरळ यायला लागली, एक रुपया खर्च नाही.

तुमची टँक कागदावर १८२ लिटरची, सॉइल (झाडांसाठीची खास माती) आणि दगडांची जागा गेली की पाणी दीडशेच्या आसपास. खोक्यावर १००० ते १२०० लिटर प्रतितास लिहिलेला कॅनिस्टर घ्या. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत स्पंज-रिंग भरल्या, पाइप दोन-अडीच फूट वर चढला, की प्रत्यक्षात निम्मा-दोनतृतीयांश मिळतो. म्हणून मोठा घ्यायचा. ३ फूट लांबीला एका बाजूने ढकललेलं पाणी दुसऱ्या टोकाला लागून परत आलं पाहिजे, ते झालं की फिल्टर बरोबर.

हँग-ऑन वाईट नाही, २ फुटीपर्यंत मी आनंदाने सांगते. पण तो पाणी वरून धबधब्यासारखं सोडतो, पाण्याची पातळी जरा खाली गेली की खळखळ होऊन सोडलेला गॅस हवेत जातो. लावायचाच असेल तर पातळी अगदी काठापर्यंत ठेवायला लागते आणि तुमच्याकडच्या उन्हाळ्यात ती रोज खाली जाणार.

कॅनिस्टरमध्ये खाली जाड स्पंज, मग बारीक स्पंज, वर सिरॅमिक रिंग. अॅक्टिव्हेटेड कार्बन नको, औषध दिल्यानंतर किंवा लाकडाचा रंग काढायचा असेल तेव्हाच घालायचा. कॅनिस्टर पूर्ण कोंबू नका, प्रवाह मरतो.

खाडीकाठ (डोंबिवली):
सीओटूबद्दल मी लिहितो कारण यात लोकांचे पैसे उगाच जातात.

यीस्ट-साखर सोडून द्या. १-२ फुटी टँकला कॉलेजच्या पोरांनी करून बघायला ठीक. गॅस आज जास्त उद्या कमी, रात्री बंद करता येत नाही, आणि उन्हात यीस्ट एवढा जोरात चालतो की चार दिवसात बाटली संपते. तुमच्या जळगावात तर विचारूच नका. गॅस सतत कमी-जास्त होणं हे काळ्या शेवाळाला आमंत्रणच.

लिंबूसत्व-सोड्याचा किट म्हणजे ती २ लिटरची स्टीलची बाटली, वर गेज, नीडल व्हॉल्व्ह (गॅस बारीक कमी-जास्त करायचा) आणि सोलेनॉइड (विजेवर गॅस चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह). हा चांगला प्रकार आहे, गॅस चालू-बंद करता येतो. पण हिशोब करून बघा. २०० ग्रॅम सोडा आणि २०० ग्रॅम लिंबूसत्व टाकलं तर रसायनाच्या हिशोबाने साधारण १०५ ग्रॅम सीओटू मिळतो, त्याच्यावर नाही. ३ फुटी टँकला सेकंदाला २ बुडबुडे, रोज ८ तास आणि एक बुडबुडा ०.०५ मिली धरला तर दिवसाला ५ ग्रॅम लागतात. म्हणजे एका भरणीत जास्तीत जास्त वीस दिवस, बुडबुडे मोठे असतील तर त्याहून कमी. मग बाटली उघडा, धुवा, परत भरा, परत प्रेशर सेट करा. २ फुटीपर्यंत मी हेच सुचवेन, ३ फुटीला कंटाळा येतो आणि कंटाळा आला की लोक भरणी पुढे ढकलतात, तिथेच टँक बिघडते.

२ किलोचा सिलेंडर म्हणजे तसल्या १९ भरण्या. वर्षभर बघायला नको. म्हणून माझं मत सरळ सिलेंडर, सोलेनॉइडवाला रेग्युलेटर आणि टायमर. पैसे रेग्युलेटरवर घाला, नीडल व्हॉल्व्ह हलका असेल तर रात्री २ बुडबुडे ठेवलेले सकाळी ५ होतात आणि मासे वर तोंड काढून श्वास घेताना दिसतात.

आईंना सांगा की सीओटू पेटत नाही, उलट आग विझवायला वापरतात. घरच्या गॅससारखी पेट घ्यायची भीती यात नाही. यातली खरी काळजी वेगळी आहे आणि ती घ्यायचीच: आत खूप प्रेशर असतं, २५ अंशाला साधारण ६४ बार, आणि गरमीत ते वेगाने वाढतं. म्हणून सिलेंडर उभाच, पट्ट्याने बांधलेला, उन्हात नाही, गाडीच्या डिकीत भर दुपारी ठेवून आणायचा नाही. काठोकाठ भरून घ्यायचा नाही, २ किलोवाल्यात २ किलोच. आणि गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, त्यामुळे लहान बंद खोलीत जिथे कोणी खाली गादी टाकून झोपतं तिथे ठेवू नका.

केळीचा_पट्टा:
एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, "बांधून ठेवणार असशील तर बघू" इथपर्यंत आलीय.

एक विचारायचं होतं. मित्राच्या गोडाऊनमध्ये आग विझवायचा २ किलोचा सीओटू सिलेंडर पडून आहे, मुदत संपलेला. तो म्हणतो भरून घे आणि वापर. चालेल का?

खाडीकाठ (डोंबिवली):
चालतो, पण जसाच्या तसा अजिबात लावू नका. आग विझवायच्या सिलेंडरमध्ये व्हॉल्व्हपासून तळापर्यंत एक नळी असते, डिप ट्यूब. सिलेंडर उभा असताना तळाचा द्रव वर यावा म्हणून ती दिलेली असते, कारण आगीवर एकदम भरपूर मारा करायचा असतो. आपल्याला पाहिजे वरचा वायू. ती नळी आत असताना रेग्युलेटर लावला तर द्रव सीओटू थेट रेग्युलेटरमध्ये घुसतो, तो बर्फासारखा गोठतो, सील फाटतात आणि पुढे टँकमध्ये काय जाईल याचा भरवसा नाही. दाबायचा हँडलवाला व्हॉल्व्हही आपल्या कामाचा नाही, गोल फिरवायचा व्हॉल्व्ह बसवून घ्यायला लागतो.

हे काम घरी पान्हा घेऊन करायचं नाही. फायर एक्स्टिंग्विशर भरणाऱ्याकडे न्या, तो रिकामा करून, नळी काढून, व्हॉल्व्ह बदलून, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलेंडरची तपासणी) करून भरून देईल. टेस्टची तारीख सिलेंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते ती स्वतः बघा. टेस्टला नापास झाला तर भंगारात, हळहळ करायची नाही. भाव विचारा, कधी कधी व्हॉल्व्ह-टेस्ट मिळून खर्च नव्याच्या जवळ जातो, मग नवाच घ्या.

आणि रेग्युलेटर ऑर्डर करायच्या आधी व्हॉल्व्हचे आटे कुठले आहेत ते विचारून घ्या. आटे जुळले नाहीत की लोक टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवतात, ते धोक्याचं आहे. तिथे वॉशरने सील होतं, टेपने नाही.

नळी सिलिकॉनची नको, एअर पंपाची ती मऊ पारदर्शक असते ना, तिच्यातून सीओटू झिरपतो. न्यूमॅटिकच्या दुकानात ४ × ६ मिमीची पीयू ट्यूब मीटरवर मिळते, ती घ्या. सगळं जोडलं की प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बघा.

रंकाळ्याचा_मासा (कोल्हापूर):
मी जरा उलटं बोलतो. भाऊ, जळगावात ३२ च्या वर पाणी जातंय, लाईट जाते, बोअरचं पाणी आहे, आणि तुम्ही ३० पीपीएम गॅस आणि कार्डिनल म्हणताय. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३२ ला ७.३ च्या आसपास, आणि त्याच वेळी माशांना जास्त लागतो. त्यात गॅसचा काटा जरा पुढे गेला की मासे गेले. माझं मत, लाईट कमी करा, अॅन्युबियास, क्रिप्टोकोरिन, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया, मॉस लावा, गॅस नाही, एक मध्यम फिल्टर, आणि तुमच्या मोली सुखात. बोअरचं जड पाणी मोलींना मानवतं, कार्डिनल हा ॲमेझॉनकडच्या मऊ, आंबट पाण्यातला मासा. इतकी देखणी टँक गॅसशिवाय होते की दुकानात लोक थांबून बघतात.

आणि कोणी लिक्विड कार्बनची बाटली सुचवेल, ते सीओटू नव्हे. त्यात ग्लुटाराल्डिहाइड असतं, दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. शेवाळ मारायला उपयोग होतो, पण व्हॅलिसनेरिया आणि मॉस त्याने वितळतात, आणि हाताला लावून घ्यायची वस्तू नाही ती.

पाणवेल (पुणे):
रंकाळा दादांचं गॅसशिवायच्या टँकबद्दल अगदी पटतं, माझीही एक तशीच आहे. कार्डिनलबद्दल शंभर टक्के. पण यांना कार्पेटच हवंय तर उन्हाळ्यामुळे अशक्य आहे असं मी म्हणणार नाही, फक्त मार्च ते जून गॅस थोडा कमी ठेवायचा आणि पृष्ठभाग जरा हलता ठेवायचा. पाणी हलकंसं लहरतंय पण फुटत नाहीये, असा आउटलेट ठेवा. थोडा गॅस वाया जातो, जाऊ दे, सिलेंडर त्याच्यासाठीच आहे. ऑक्सिजन टिकतो.

लाईट जाण्याबद्दल. कॅनिस्टर बंद पडला की आतलं पाणी कोंडतं, आतले बॅक्टेरिया उरलेला ऑक्सिजन संपवतात आणि काही तासांनी मरायला लागतात. चार-पाच तासांनंतर लाईट आल्यावर ते कुजकट पाणी एकदम टँकमध्ये जाऊ देऊ नका. आउटलेटचा पाइप बादलीत धरून पहिलं पाणी काढून टाका, वास येत असेल तर उघडून स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा. घरी इन्व्हर्टर असेल तर सोपं, १५-२० वॅटच्या फिल्टरचं त्याला काही ओझं नाही, फक्त स्क्वेअर वेव्हवाला असेल तर मोटर गुणगुणते आणि तापते, साइन वेव्ह चांगला.

सोलेनॉइड मात्र इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊ नका. लाईट गेली की तो आपोआप बंद होतो, तेच हवंय. फिल्टर थांबलाय आणि गॅस चालूच, ही सगळ्यात वाईट स्थिती, कुठल्याही कारणाने ती येऊ द्यायची नाही. यीस्टच्या बाटलीत नेमकं हेच होतं.

हँग-ऑनची आणखी एक अडचण सांगते, लाईट गेल्यावर त्यातलं पाणी खाली उतरलं तर लाईट आल्यावर तो कोरडाच घरघरत राहतो, आणि तुम्ही त्या वेळी ऑफिसात असता. तुमच्या परिस्थितीत हेही कॅनिस्टरच्या बाजूने जातं.

संत्रानगरी_स्केप (नागपूर):
उन्हाळ्याचं आम्हाला विचारा. चिलर घेऊ नका, बजेट तिथेच संपेल. टँकचं झाकण काढा आणि काठावर लहान फॅन लावा, वारा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लागेल असा. कोरड्या हवेत ३-४ अंश सहज उतरतात, मुंबईच्या दमट हवेत एवढं नाही उतरत पण तुमच्या-आमच्याकडे मस्त चालतं. पाणी भराभर उडतं, रोज भरायला लागेल, आणि ते बोअरचं भरू नका. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, रोज बोअरचं भरत गेलात तर मे संपेपर्यंत पाणी नुसतं जड होत जातं. वरून भरायला आरओचं.

टँकच्या लाईटचे तास पण सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा, दुपारी २ ते ५ टँक अंधारात.

केळीचा_पट्टा:
फॅनचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच जुना यूएसबीवाला काढतो. टेस्ट किट आणून बोअरचं पाणी मोजलं, केएच (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) ११ आलं. रोटालाला चालेल? आणि कार्डिनल रद्द केले, मोली-गप्पीच ठेवतो. गॅस किती चालू आहे हे कळणार कसं, ड्रॉप चेकरमध्ये (टँकमध्ये लावायची, रंगावरून गॅस दाखवणारी छोटी कुपी) टँकचंच पाणी भरायचं ना?

खाडीकाठ (डोंबिवली):
नाही, टँकचं पाणी अजिबात नाही, ४ डीकेएचचं (म्हणजे केएच ४ चं) तयार द्रावण भरायचं आणि त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू या रंग बदलणाऱ्या रसायनाचे थेंब. टँकचं ११ केएचचं पाणी भरलंत तर तो हिरवा दिसेल तेव्हा गॅस ३० नाही, ८० च्या वर असेल आणि मासे आधीच आडवे. ४ च्या द्रावणाला निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ३० च्या आसपास, पिवळा म्हणजे धोका. रंग एक-दोन तास उशिरा बदलतो, त्यामुळे काटा फिरवून लगेच बघत बसू नका. आणि तो डिफ्युझरच्या दूर, दुसऱ्या टोकाला लावा, म्हणजे गॅस तिथपर्यंत पोचतोय का तेही कळतं.

ताळा म्हणून पीएच मोजा. ११ केएचला पीएच ७.० च्या जवळ आला की ३० पीपीएम होतात, ५ केएचला तोच ६.७ ला.

सोलेनॉइड लाईटच्या दोन तास आधी चालू, लाईट बंद व्हायच्या तासभर आधी बंद. पहिले काही दिवस सुट्टीच्या दिवशीच गॅस वाढवा, जेव्हा तुम्ही दिवसभर घरी आहात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की गॅस बंद, एअर पंप चालू, निम्मं पाणी बदला, याच क्रमाने.

पाणवेल (पुणे):
रोटाला रोटंडिफोलिया ११ ला पण होईल. रोटाला मॅक्रँड्रा, ती गर्द लाल, तिला मऊ पाणी लागतं. अर्धं बोअर अर्धं आरओ केलंत तर केएच ५-६ वर येईल. पण मोली ठेवताय तर फार मऊ करू नका, रोटंडिफोलियावरच थांबा, चांगल्या लाईटखाली वरचे शेंडे गुलाबी-केशरी होतात.

सॉइल नवीन असेल तर सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडतं, पहिले चार ते सहा आठवडे मासे नकोत, पाणी भरपूर बदला. तोवर मोलींना टबात स्पंज फिल्टर लावून ठेवा, आणि त्यांच्या जुन्या फिल्टरचा स्पंज नव्या कॅनिस्टरमध्ये टाका. गॅस त्या आठवड्यांत मोकळेपणाने देता येतो कारण मासे नाहीत, कार्पेट तेव्हाच धरतं.

जाता जाता, कास पठारावर पाण्याच्या डबक्यात गेंद फुलतो ना, तो एरिओकॉलॉन, टँकवाल्यांमध्ये त्याच्या भावंडांना फार मागणी आहे. तुम्ही कधी गेलात तर तिथून उपटून आणायचा मोह होईल, आणू नका. तिथला परिसर जागतिक वारशात आहे, आणि ते रोप बोअरच्या पाण्यात जगणारही नाही. नर्सरीत टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांचे कप मिळतात, गोगलगायी पण येत नाहीत त्यात.

केळीचा_पट्टा:
बरं, मग असं ठरवतो: १२०० चा कॅनिस्टर, नवा २ किलोचा सिलेंडर (फायरवाल्याने जुन्याचा खर्च सांगितला, फरक फार नाही), सोलेनॉइडवाला रेग्युलेटर, पीयू ट्यूब, ड्रॉप चेकर. डिफ्युझर टँकमध्ये लावू की कॅनिस्टरच्या आउटलेट पाइपवर इनलाइन?

खाडीकाठ (डोंबिवली):
इनलाइन, आउटलेटवरच, इनटेकवर (टँकमधून पाणी ओढणाऱ्या पाइपवर) नको. इनटेकवर लावला तर गॅस कॅनिस्टरमध्ये साठून मोटर हवा ओढते. इनलाइनला दीड ते तीन बार प्रेशर लागतं, तेवढं देणारा रेग्युलेटर आहे ना ते घेताना बघा, काही स्वस्त रेग्युलेटर एवढं देत नाहीत. आणि रेग्युलेटर व डिफ्युझरच्या मधे धातूचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्लॅस्टिकचा नको. गॅस बंद झाल्यावर पाणी नळीतून उलटं चढतं आणि सोलेनॉइडपर्यंत पोचलं की तो गंजून अडकतो.

रंकाळ्याचा_मासा (कोल्हापूर):
भाऊ, जुना व्हॅलिसनेरिया फेकू नका, सुरुवातीला मागे दाट लावा, भराभर वाढतो आणि सॉइलचा अमोनिया खातो. रोटाला धरला की काढून कोणाला तरी द्या. टँक लागली की समोरून एक फोटो टाका, पाणी भरल्यावरचा आणि महिन्याभरानंतरचा, मलाही बघायचंय तिकडच्या उन्हात कार्पेट कसं येतं ते.